गंगेतली जेट बोट आणि हरवलेली ठिणगी

एव्हरेस्टवाले सर एडमंड हिलरी गंगेत बोटी घेऊन आले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. रायवाल्याला पोस्टिंग झालं तेव्हा तिथल्या आमच्या सुभेदारसाहेबांकडून पहिल्यांदा ऐकलं. साल १९७७. 'गंगा', 'किवी' आणि 'एअर इंडिया' अशा तीन जेट बोटी गंगासागरहून निघाल्या आणि प्रवाहाच्या उलट ऋषिकेश, देवप्रयाग करत अलकनंदेत शिरल्या. नंदप्रयागजवळ धबधबा आडवा आला, तिथे बोटी थांबल्या आणि मंडळी पायी वर गेली. हिलरी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. पुढे उंचीवर ते आजारी पडले आणि त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं.

या बोटींचं मूळ न्यूझीलंडमधलं. बिल हॅमिल्टन हे मेंढपाळीचा मोठा मळा असलेले गृहस्थ. तिकडच्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या. पंखा तळाखाली असला की दगडावर आपटून तुटणार. म्हणून १९५० च्या दशकात त्यांनी पंखा बोटीच्या आत पंपात बसवला. तळाच्या जाळीतून पाणी ओढायचं आणि मागून जोराने फेकायचं. आधी नोझल तळाखाली होतं. ते पाण्याच्या वर आणल्यावर वेग वाढला. याच हॅमिल्टनांचा मुलगा जॉन हिलरींच्या मोहिमेत बोट चालवत होता.

पण या बोटीत एक गोम आहे. तिला सुकाणू नसतं. मागून निघणारी धार वळवली की बोट वळते. म्हणजे इंजिन बंद पडलं की नुसता वेग जात नाही, दिशाही जाते. हे मी पुस्तकात वाचलं नाही, अंगावर घेतलं.

आमच्याकडे एक जुनी बोट होती, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटरवालं. पावसाळा संपता संपता ती मिसिंग करू लागली, वरून ओढतही नव्हती. मी खडकीचा सॅपर, हाताला खाज. आठही प्लग बदलले, पॉइंट घासले, गॅप लावला. काट्याकडे पाहिलं तर फुल थ्रॉटलला फेरे नेहमीइतकेच. म्हटलं, इंजिन ठणठणीत. दोन जवान घेऊन ट्रायलला निघालो.

मधल्या धारेत तोंडावर पाणी उडालं आणि इंजिन गप्प. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. बोट आडवी झाली आणि समोरच्या खडकाकडे वाहू लागली. दोन्ही जवानांनी वल्ही मारून तिला वाळूच्या पट्टीवर घातलं. एकाच्या मनगटाला जबर मार बसला. ती चूक माझी होती.

सुभेदारसाहेब आले. रागावले नाहीत. म्हणाले, "एका वेळी एकच दुखणं बघ रे. आधी ठिणगी."

इंजिनचं झाकण उघडून पेट्रोलची वाफ जाऊ दिली. मग कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पकडीने ब्लॉकजवळ धरली. ठिणगी निळी, जाड. म्हणजे बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर ठीक. प्लगच्या वायरींवर मात्र ठिणगी मरतुकडी. दुखणं या दोहोंच्या मधे. डिस्ट्रिब्युटरची कॅप उन्हात धरली, तर मधल्या खुंटीपासून केसाएवढी चीर. कोरडी असताना थोडा करंट गळायचा, ओली झाली की सगळाच.

कॅप बदलली. मिसिंग गेलं. पण आता फेरे नेहमीपेक्षा जास्त दिसू लागले आणि बोट तरीही मंद!

"आता इंजिन सोड, जेट बघ," साहेब म्हणाले. जाळीत गवत आणि गोटे अडकलेले, इंपेलरच्या कडा वाळूने खाल्लेल्या. पंपाला पुरतं पाणी मिळत नव्हतं, इंजिन मोकळंच पळत होतं.

तेव्हा उलगडा झाला. ठिणगीचा दोष फेरे खाली ओढत होता, जेटचा दोष वर ढकलत होता. दोघांनी मिळून काटा बरोबर जागी ठेवला आणि मी फसलो. शिवाय पंपाला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आठातला एक सिलिंडर मेला तरी फेरे जेमतेम चार-पाच टक्के पडतात. कानाला ते कळत नाही.

तेव्हापासून माझा नियम सोपा. फेरे कमी आणि बोट मंद, तर इंजिन तपासा. फेरे जास्त आणि बोट मंद, तर जेट. फेरे बरोबर आणि तरी बोट मंद, तर जास्त सावध व्हा, दोन दुखणी असू शकतात. आणि कारण सापडल्याशिवाय माणसं घेऊन धारेत जाऊ नका.

त्या जवानाचं मनगट महिन्याभरात बरं झालं. अजून दिवाळीला त्याचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "उस्ताद, कॅप बघितली का?"

जय हिंद.