चाळीस दिवसांची हरकत

दलीप सिंग सौंद १६ डिसेंबर १९४९ रोजी अमेरिकेचे नागरिक झाले. तेव्हा त्यांना हिंदुस्थानातून या देशात येऊन २९ वर्षं झाली होती आणि बर्कलीच्या विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवून २५. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढच्या सात वर्षांत ती दोनदा त्यांच्या आडवी आली, आणि दुसऱ्या वेळी ती पुढे करणारा माणूस त्यांच्याच पक्षाचा होता.

माझं माहेर बेळगावचं. लग्नानंतर इकडे आले आणि कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या इम्पिरियल व्हॅलीत, शाळेत गणित शिकवण्यात माझी नोकरी सरली. हा बहुतेक मुलूख समुद्रसपाटीच्या खाली आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यांनी आणलं म्हणून इथे लेट्यूस, लसूणघास आणि कापूस पिकतो. कालव्याच्या पलीकडे पाऊल टाकलं की वाळवंट. जुलैत दुपारी गाडीच्या दाराला हात लावता येत नाही. ब्रॉलीहून वेस्टमोरलंडला जाताना दोन्ही बाजूंना शेतं लागतात. याच भागात १९२५ मध्ये गणिताचे डॉक्टर सौंद कापूस वेचणाऱ्या टोळीवर मुकादम म्हणून आले. मी त्रिकोणमिती शिकवायचे त्या वर्गातल्या मुलांना हे नाव ठाऊक नसायचं, आणि ते मला फार लागायचं.

विद्वान माणसावर मुकादमीची वेळ का आली, याचं उत्तर कायद्यात आहे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, सबब त्याला नागरिक होता येणार नाही. थिंड यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. त्यांचा जन्म अहमदाबादचा, वकिली लॉस एंजेलिसची, आणि ते स्वतः १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक. निकाल लागला तसं सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदुस्थानी लोकांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली, आणि पंडितांवरही दावा लावला. ते लढले आणि जिंकले. बाकीच्या कित्येकांचं नागरिकत्व गेलं ते गेलंच. कॅलिफोर्नियात तर जो नागरिक होऊ शकत नाही त्याला शेतजमीन घेण्याचीही बंदी होती. म्हणून व्हॅलीतले पंजाबी शेतकरी दुसऱ्याच्या नावावर जमीन कसायचे. बायकामुलांना मायदेशाहून आणायची सोय नव्हती, तेव्हा त्यांतल्या पुष्कळांनी मेक्सिकन मुलींशी लग्नं केली. सौंदांनी १९२८ मध्ये मेरियन कोसा या चेक घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं. शेतीत खोट खाल्ली, पुन्हा उभे राहिले, कॅथरीन मेयोच्या हिंदुस्थानची बदनामी करणाऱ्या पुस्तकाला १९३० मध्ये पुस्तकानेच उत्तर दिलं, आणि नागरिकत्वाच्या हक्कासाठी गावोगाव भाषणं देत हिंडले. २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नव्या कायद्यावर सही केली तेव्हा तो हक्क मिळाला. वर्षाला शंभर हिंदुस्थानी लोकांना देशात येण्याची मुभा, आणि आधीपासून राहणाऱ्यांना नागरिक होण्याची.

नागरिक झाल्यावर वर्षाच्या आतच, नोव्हेंबर १९५० मध्ये, सौंद वेस्टमोरलंडच्या छोट्या न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून निवडून आले. पण निवडणुकीच्या दिवशी त्यांच्या नागरिकत्वाला एक वर्ष पुरं झालं नव्हतं. काही आठवडे कमी पडले, तेवढ्यावरून त्यांना खुर्ची नाकारली. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा निवडून आले आणि या वेळी न्यायासनावर बसले. प्रचारात कुणीतरी त्यांना विचारलं होतं, तुमच्या कोर्टात यायचं तर फेटे तुम्ही पुरवणार की आम्ही विकत घ्यायचे? माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, डोक्यात काय आहे ते मी बघतो, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं.

मग १९५६ साल उजाडलं. रिव्हरसाइड आणि इम्पिरियल या दोन काउंट्यांचा मिळून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, प्रतिनिधिगृहाचा २९वा मतदारसंघ होता. तिथले रिपब्लिकन प्रतिनिधी जॉन फिलिप्स निवृत्त होत होते. सौंदांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उडी घेतली. समोर रिव्हरसाइडकडचे वकील कार्ल केगली.

प्रायमरी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे तिकीट वरून येतं. एबी फॉर्म कुणाच्या हातात पडला हे शेवटच्या दिवशी कळतं आणि कार्यकर्त्याला त्यात मत नसतं. अमेरिकेतही एकेकाळी तसंच होतं. उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरत, आणि कॅलिफोर्नियात त्या अधिवेशनांवर सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचं वजन असे. विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नर ला फॉलेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी थेट प्रायमरीचा कायदा आणला. कॅलिफोर्नियाने तो १९०९ मध्ये केला. पुढच्याच वर्षी हायरम जॉन्सन यांनी त्याच वाटेने, रेल्वेला राजकारणातून हाकलण्याचा प्रचार करत, आधी रिपब्लिकन उमेदवारी आणि मग गव्हर्नरपद मिळवलं. म्हणजे पक्षात नोंद असलेल्या साध्या मतदाराने पक्षाचा उमेदवार निवडायचा, असा हा रिवाज. कॅलिफोर्नियाने त्याला १९१३ मध्ये आणखी एक फाटा फोडला: एकच माणूस दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत उभा राहू शके. १९४६ मध्ये अर्ल वॉरन यांनी गव्हर्नरपदासाठी दोन्ही पक्षांची उमेदवारी अशीच जिंकली. ही सोय १९५९ मध्ये बंद झाली.

हा रिवाज मी टेबलामागून पाहिला आहे. निवृत्तीच्या आधीची काही वर्षं प्रायमरीच्या दिवशी मी मतदान केंद्रावर कारकून म्हणून बसत असे. समोर छापील वही. प्रत्येक नावापुढे पत्ता आणि पक्षाची आद्याक्षरं. मतदाराने आपलं नाव, पत्ता मोठ्याने सांगायचा, नावापुढे सही करायची. मग मी त्या पक्षाची मतपत्रिका काढून द्यायची. ज्यांनी पक्ष नोंदवला नसेल त्यांना विचारायचं की एखाद्या पक्षाची मतपत्रिका हवी का. तो पक्ष अशांना परवानगी देत असेल तर द्यायची. वहीच्या एका पानावर सिल्वा आणि सोटो यांच्यामध्ये सिंग लागायचे. त्यांची पहिली नावं स्पॅनिश. पंजाबी आजोबा आणि मेक्सिकन आजी यांची ही नातवंडं. आजोबांना ज्या वहीत नाव घालायला बंदी होती, त्याच वहीत नातू सही करून जायचा. मी ते नाव उगाच एकदा बोटाने दाखवत असे, सही इथे म्हणून.

तर केगली यांनी मतपत्रिका छापण्याआधीच कोर्ट गाठलं. म्हणणं असं की राज्यघटनेनुसार प्रतिनिधिगृहाचा सदस्य सात वर्षं नागरिक असला पाहिजे. सौंदांची सात वर्षं भरत नाहीत, सबब त्यांचं नाव मतपत्रिकेवरून काढा. हिशेब उघड आहे. मतदान ६ नोव्हेंबरला आणि सात वर्षं पुरी होणार १६ डिसेंबरला. चाळीस दिवस कमी.

गणित शिकवणारी म्हणून सांगते, वजाबाकी बरोबर होती, पण ती चुकीच्या दिवसातून केलेली होती. घटनेचं पहिलं कलम प्रतिनिधीसाठी तीन अटी घालतं: वय २५, नागरिकत्व सात वर्षं आणि त्या राज्यातलं वास्तव्य. यांतल्या फक्त शेवटच्या अटीला ‘निवडून येतेवेळी’ असं बंधन आहे. वय आणि नागरिकत्व यांना ते नाही. वेस्ट व्हर्जिनियाचे रश होल्ट १९३४ मध्ये २९व्या वर्षी सिनेटवर निवडून आले. सिनेटला तीस लागतात म्हणून थांबले आणि १९३५ च्या जूनमध्ये तीस भरल्यावर जागेवर बसले. सौंदांचा शपथविधी जानेवारी १९५७ मध्ये होणार होता. शिवाय आपल्या सदस्यांची पात्रता ठरवण्याचा अधिकार घटनेने प्रत्येक सभागृहाकडेच दिला आहे. कोर्टाने केगलींची मागणी फेटाळली. सौंदांचं नाव मतपत्रिकेवर राहिलं.

कोर्टात जाण्याचा केगलींना हक्क होता, हे मला मान्य आहे. घटनेतली अट खोटी नव्हती आणि तिचा अर्थ कोर्टाला विचारणं गैर नव्हे. पण या माणसाची सात वर्षं उशिरा का सुरू झाली, हे त्या भागातल्या प्रत्येक जाणत्याला माहीत होतं. ते १९२० पासून इथे राहत होते. इथेच शिकले, कष्ट केले, कर भरला. ज्या कायद्याने त्यांना २० वर्षांहून जास्त काळ दाराबाहेर उभं केलं, त्याच कायद्याने घातलेला उशीर त्यांच्याविरुद्ध वापरायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. आणि ते दुसऱ्या पक्षाने नाही, घरच्याने केलं.

पुढचं काम मात्र कोर्टात होण्यासारखं नव्हतं. इम्पिरियल काउंटीत लोक सौंदांना न्यायाधीश म्हणून ओळखत. जास्त मतं होती उत्तरेला रिव्हरसाइडमध्ये, आणि तिथे हे नाव परकं. मेरियनबाई, मुलं, सून, मित्रमंडळी दारोदार फिरली. पहिलं काम मत मागण्याचं नव्हतं, मतदार नोंदवण्याचं होतं. प्रायमरीत ज्याची पक्षात नोंद नाही त्याचा उपयोग नाही, हे त्यांना पुरतं कळलं होतं. ५ जूनला सौंदांनी ही प्रायमरी जिंकली.

नोव्हेंबरची लढत जास्त गाजली, कारण समोर रिपब्लिकन पक्षाच्या जॅकलीन कॉक्रन होत्या: आवाजाचा वेग ओलांडणारी पहिली स्त्री, युद्धकाळात महिला वैमानिकांच्या प्रमुख, उद्योगपती फ्लॉइड ऑडलम यांच्या पत्नी. स्वतःच्या विमानाने त्या प्रचार करत. देशभर त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची लाट होती. तरीही सौंद सुमारे ३,३०० मतांनी निवडून आले. जानेवारीत त्यांनी शपथ घेतली तेव्हा सात वर्षं भरून गेली होती. काँग्रेसमध्ये मताधिकारासह बसलेले ते पहिले आशियाई वंशाचे सदस्य. १९५८ आणि १९६० मध्ये लोकांनी त्यांना परत पाठवलं. मे १९६२ मध्ये विमानप्रवासात अर्धांगाचा झटका आला, त्या नोव्हेंबरात ते हरले आणि १९७३ मध्ये वारले. टेमेक्युला गावच्या पोस्टाला आता त्यांचं नाव आहे. काँग्रेसमध्ये दुसरा भारतीय वंशाचा माणूस, बॉबी जिंदाल, २००५ मध्ये पोचला.

सौंदांनी जिंकली तशी पक्षाची प्रायमरी काँग्रेसच्या जागांसाठी कॅलिफोर्नियात आता उरलेली नाही. २०१० च्या कौलानंतर सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर येतात आणि पहिले दोन नोव्हेंबरला लढतात. मिशिगनमध्ये प्रत्येक पक्षाची वेगळी प्रायमरी टिकून आहे. तिथे डेट्रॉइटच्या भागातून, माझ्याच बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये नऊ जणांच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तीसपेक्षा कमी टक्के मतांवर पहिले आले आणि पुढे काँग्रेसमध्ये गेले. २०२४ च्या प्रायमरीत त्यांच्या बाजूने एका प्रतिस्पर्ध्याच्या उमेदवारी अर्जावरच्या सह्यांवर हरकत घेतली गेली. लागणाऱ्या १,००० वैध सह्या भरत नाहीत असं ठरून ॲडम हॉलियर छाननीतच बाद झाले. सह्यांचा नियम सर्वांना सारखा, त्यात जन्माचा प्रश्न नाही, म्हणून केगलींच्या हरकतीशी मी याची बरोबरी करणार नाही. पण आपल्या गावचा माणूस प्रतिस्पर्ध्याला मतांनी हरवून पुढे गेला असता तर मला जास्त आनंद झाला असता.

इथल्या मराठी मंडळांत मी पाहते, नागरिकत्वाची शपथ झाली की पेढे वाटतात, नोव्हेंबरला हौसेने मत देतात, आणि प्रायमरी आली की घरी बसतात. उमेदवार ठरतो तो तिथे, आणि तोही थोड्या लोकांच्या मतांनी. तुम्ही या देशाचे नागरिक असाल तर आजच आपल्या काउंटीच्या निवडणूक कार्यालयात आपलं नाव, पत्ता आणि पक्षाची नोंद तपासून घ्या, आणि पुढच्या प्रायमरीला जाऊन मत द्या.