कॅलिफोर्नियाच्या बुटक्या गाड्या

कंपनीने ठरवलेल्या उंचीपेक्षा मोटार खाली बसवण्याचा शौक दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियात रुजला. इंजिनाला जास्त हवा मिळवून देण्याचे वेड त्याच मुलखातले, पण थोडे आधीचे. आज गॅरेजमध्ये येणारा नवखा गिऱ्हाईक या दोन्ही गोष्टींबद्दल एका दमात विचारतो. सुरुवातीला मात्र दोन्हींची माणसे वेगळी होती आणि हेतू तर जवळजवळ उलटे होते.

हवेचे वेड वेगासाठी होते. फोर्डने १९३२ मध्ये स्वस्त गाडीत ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन दिले. जुन्या झालेल्या या गाड्यांची मडगार्ड उतरवून, वजन कमी करून तरुण मंडळी त्या म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळांवर पळवू लागली. वेळ मोजण्याला शिस्त यावी म्हणून १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. सिलिंडरमध्ये जेवढी हवा जाते तेवढेच पेट्रोल नीट जळते, त्यामुळे एकाच कार्बोरेटरवर हे इंजिन मोठ्या वेगात घुसमटत असे. व्हिक एडलब्रॉक याने १९३८ च्या सुमारास त्यावर दोन स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर बसतील असे मॅनिफोल्ड बनवले. ते आधी स्वतःच्या गाडीसाठी होते. पुढे त्याचाच धंदा झाला.

गाडी खाली बसवणाऱ्यांना वेगाशी काही देणेघेणे नव्हते. ही बहुतेक पूर्व लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन वंशाची कामगारवर्गातली मुले. त्यांच्यातले काही नुकतेच लष्करातून परतलेले होते. हॉट रॉडवाले, म्हणजे ती वेगवेडी मंडळी, फोर्डच्या मागे, तर हे जुन्या शेव्हर्लेच्या. रविवारी गाडी धुऊनपुसून व्हिटियर बुलेव्हार्डवर आणायची आणि लोकांना डोळे भरून पाहता येईल इतक्या सावकाश चालवायची, हाच त्यांचा खेळ. संथ चालणारी गाडी जितकी जमिनीलगत, तितकी ती रुबाबदार दिसते.

खाली बसवण्याच्या पहिल्या युक्त्या अगदी साध्या होत्या. डिकीत वाळूची पोती टाकली की मागची बाजू दबत असे. मागे पाट्यांची स्प्रिंग असेल, तर पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालत. पुढच्या गुंडाळी स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकत. त्यात निदान हिशेब होता: वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, गाडी खाली येते आणि खड्डाही जास्त जाणवतो. काहीजण गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून ती जागच्या जागी बसवत. हा उपाय वाईटच, कारण तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते आणि स्प्रिंग पुढेही खचत राहते. याहून खाली जायचे तर ॲक्सल चासीवर आदळू नये म्हणून चासीलाच खाच पाडून तिथे नव्या पट्टीचे वेल्डिंग करावे लागे.

मग कायदा आडवा आला. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतले कलम २४००८ हे १ जानेवारी १९५८ पासून लागू झाले. गाडीत फेरफार करून तिचा चाकांखेरीज कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेहून खाली आणणे बेकायदा ठरले. पोलिसांना मोजायला सोपा आणि पावती फाडायला त्याहून सोपा असा हा नियम. ज्यांच्यावर पोलिसांची आधीपासूनच वक्रदृष्टी होती, त्यांच्यावर त्याचा बडगा अधिक पडला यात नवल नाही.

या नियमाने खाली बसलेल्या गाड्या संपल्या नाहीत, त्या उठायला शिकल्या. रॉन अगिरे या तरुणाने १९५९ मध्ये आपल्या 'एक्स-सॉनिक' नावाच्या १९५७ च्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक यंत्रणा बसवली. त्यासाठीचे पेस्को बनावटीचे पंप युद्धकाळातल्या विमानांच्या शिल्लक मालातले होते. तेलाचा दाब सिलिंडरमध्ये सोडला की गाडी उचलली जाते, झडप उघडून तेल टाकीत परत सोडले की बसते. पोलिस दिसले की बटण दाबायचे आणि ते पुढे गेले की पुन्हा खाली यायचे. कायद्याने उंची ठरवली होती, पण ती दिवसभर सारखीच ठेवा असे त्यात कुठेही म्हटले नव्हते.

या कामाला शेव्हर्लेची इम्पाला अगदी सोयीची निघाली. १९५८ पासून तिला इंग्रजी एक्सच्या आकाराची चासी आणि चारही चाकांना गुंडाळी स्प्रिंग होती. स्प्रिंगच्या जागी सिलिंडर बसवायला जागा आयती मिळे. डिकीतल्या वाळूच्या पोत्यांची जागा आता पंप आणि बॅटऱ्यांच्या रांगेने घेतली. बॅटऱ्या एकीला एक जोडून विजेचा दाब वाढवता वाढवता गाडी नुसती उठण्याऐवजी चक्क उड्या मारू लागली आणि त्याच्या स्पर्धा सुरू झाल्या.

रंगकामही मागे राहिले नाही. जेसी वलादेझ याच्या १९६४ च्या 'जिप्सी रोझ' इम्पालावर गुलाबच गुलाब रंगवलेले होते. १९७४ मध्ये 'चिको अँड द मॅन' या दूरचित्रवाणी मालिकेच्या सुरुवातीला ती दिसली आणि लोरायडर, म्हणजे या खाली बसवलेल्या गाड्या, घरोघर पोचल्या. सॅन होजेतून १९७७ मध्ये 'लो रायडर' हे मासिक निघाले. दुसरीकडे व्हिटियर बुलेव्हार्डसारखे रस्ते शनिवार-रविवार रात्री बंद होऊ लागले आणि अनेक शहरांनी एकाच रस्त्यावर येरझाऱ्या घालण्यालाच बंदी केली. सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीतली बंदी १९९२ ची. त्याच 'जिप्सी रोझ'ला २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत जागा मिळाली.

हवा आणि उंची एकाच गाडीत सर्रास भेटल्या त्या १९९० च्या दशकात, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आशियाई वंशाच्या मुलांच्या होंडा सिव्हिकमध्ये. आखूड स्प्रिंग तयार मिळू लागल्या होत्या. रिव्हरसाइडमध्ये १९६९ मध्ये सुरू झालेल्या के अँड एन या कंपनीचे तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर तर आधीपासून होतेच. फिल्टर तापलेल्या बोनेटखालून काढून लांब नळीने बंपरमागे नेला की हवा थंड आणि म्हणून दाट मिळते. हवेचे तापमान सुमारे तीन अंशांनी उतरले की तिची घनता एक टक्क्याने वाढते, म्हणजे साध्या गाडीत फायदा बेताचा आणि आवाज मात्र भरपूर. फिल्टर इतका खाली आला आणि गाडीही खाली, की साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन पाणी ओढते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन्ही बदल एकत्र करण्याचा हा धोका हॉट रॉडवाल्यांना कधी भेडसावला नव्हता.

उंचीचे कलम पासष्टहून अधिक वर्षे टिकले. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या एका कायद्याने १ जानेवारी २०२४ पासून ते रद्द झाले आणि येरझाऱ्यांवर बंदी घालण्याचा शहरांचा अधिकारही गेला. हवेचा नियम मात्र कायम आहे. प्रदूषणावर परिणाम करू शकणाऱ्या सुट्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा सूट-क्रमांक लागतो आणि धूर-तपासणीत तो नसेल तर गाडी नापास होते. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना ही तपासणी नाही. त्यामुळे १९६४ ची इम्पाला आज खुशाल जमिनीला टेकते आणि तिचे बोनेट उघडायला कोणी सांगत नाही. सिव्हिकवाल्याला नळीवरचा क्रमांक दाखवावाच लागतो.