एक बाकडं, तीन पिढ्या

तुम्ही तोंडवलीत उभे आहात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मधे तळाशीलकडे निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी. साल १९६२, महिना मार्गशीर्ष. जिल्हा अजून रत्नागिरीच आहे. सिंधुदुर्ग व्हायला १९८१ उजाडावं लागेल.

दिवस कलता कलता खाडीला होडी लागते. दशावतार करणारी माणसं उतरतात, पेटारे डोक्यावर घेतात आणि माडांतून देवळाकडे चालू लागतात. कालची रात्र त्यांनी दुसऱ्याच गावच्या जत्रेत जागवली, उद्याची तिसऱ्या गावात. कार्तिकातल्या जत्रांपासून पाऊस तोंडावर येईपर्यंत हेच. मग नांगर आणि शेत. याच वर्षीच्या जुलैत लंडनच्या मार्की क्लबात रोलिंग स्टोन्स नावाच्या पोरांनी पहिला कार्यक्रम केलाय. फिरत्या बँडचं आयुष्य जग पुढं त्यांच्याकडून शिकेल. इथं मात्र ते पिढ्यान् पिढ्या चालू आहे. दशावतारी खेळाचा आणि त्यात बाई होणाऱ्या पुरुषांचा उल्लेख थेट रामदासांच्या दासबोधात आहे.

पडवीत शिरा. कंदिलाच्या उजेडात, हातातल्या आरशात बघत जो तो आपलं तोंड आपणच रंगवतोय. सफेदा, काजळ, कुंकू. मिशी काढलेला एक गडी नऊवारीच्या निऱ्या इतक्या सफाईनं घालतो की तुम्ही बघतच राहता. मालक मधे बसून आजचं आख्यान सांगतो: तू राजा, तू राक्षस, आधी दरबार, मग वनातला प्रवेश, मग युद्ध. बस्स. वही नाही, पाठांतर नाही. बाकीचं सगळं रात्री उभ्या उभ्या सुचायचं.

गॅसबत्ती पेटते. पायपेटी, मृदंग, झांज. समोर एक लाकडी बाकडं आणि त्यामागं पडदा, नेपथ्य एवढंच. आधी आड दशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मोरावर सरस्वती येते. शेजारचे आजोबा तुम्हाला सरकून जागा देतात. “बस रे झिला, आता संकासूर येतलो.” आणि तो येतोच, काळ्या झग्यात, लांब लाल जीभ लोंबवत, मालवणीत बोलत. पोरं किंचाळत आयांच्या पदराआड पळतात.

मग आख्यान. राजा बाकड्यावर बसला की ते सिंहासन. त्यावर एक पाय ठेवून दूर बघितलं की डोंगर. राक्षस एकदम भलताच प्रश्न टाकतो, ठरलेला नसलेला. राजा क्षणभर थांबतो आणि पुराणातला दाखला काढून असं उत्तर देतो की मृदंगवालासुद्धा मान डोलावतो. हे संवाद पुन्हा कधी कुणाला ऐकायला मिळणार नाहीत. उद्या हीच कथा, हीच माणसं, पण शब्द वेगळे. माझ्या मते या कलेचा जीव इथं आहे. झुंजूमुंजू होतं, दहीहंडी फुटते, धयकालो, म्हणजे हा दहीकाला, संपतो.

आता खाडीपलीकडे बघा. ते रेवंडी, मालवणी नाटकांतले नट मच्छिंद्र कांबळींचं गाव. साल १९८०, १६ फेब्रुवारी: मुंबईत गंगाराम गवाणकरांनी लिहिलेल्या आणि कांबळींनी गाजवलेल्या ‘वस्त्रहरण’चा पहिला प्रयोग. गावातल्या हौशी नटांनी बसवलेल्या पौराणिक नाटकाची ही मालवणी कथा. सुरुवातीला प्रेक्षक नाहीत. मग पु. ल. देशपांड्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि वारं फिरलं. प्रयोग पाच हजारांवर गेले, नाटक लंडनलाही पोचलं. कांबळी २००७ मध्ये गेले.

पुन्हा जत्रेत या. पेटारे आता टेम्पोतून येतात, देवळाला रोषणाई असते. ट्रिकसीन आलेत: धूर, रंगीत दिवे, अधांतरी देव. माझी त्याला हरकत नाही; फक्त धुराच्या लोटात संवाद बुडू नये. नेरूरच्या कलेश्वर दशावतार नाट्य मंडळात बाबी कलिंगणांमागून त्यांचे चिरंजीव सुधीर कलिंगण उभे राहिले. लोकांनीच त्यांना ‘लोकराजा’ म्हटलं. त्यांचं नाव ऐकून माणसं चार गावं ओलांडून यायची. २०२२ मध्ये तेही गेले. वडिलांच्या मागं सिद्धेश कलिंगण रंगमंचावर आहेत. तीन पिढ्या, आणि समोर तेच बाकडं.

२०२५. ‘दशावतार’ चित्रपटात दिलीप प्रभावळकर दशावतारी कलाकार झालेत आणि पुण्या-मुंबईची थिएटरं भरलीत. चांगलंच झालं. पण पडद्यावरचा राजा दर वेळी तेच बोलणार. तेव्हा या हंगामात कोकणात उतराल तर मासे आणि समुद्र दिवसा उरकून घ्या, रात्र जत्रेसाठी ठेवा. आड दशावतार सुरू व्हायच्या आत पोचा, पुढं बसा आणि दहीहंडी फुटेपर्यंत उठू नका.