शेणांतला हायड्रोजन

शेणाचा उपयोग कोणाला नव्यानें सांगावयास नको. सारवणाला शेण, चुलीला गोवरी आणि शेताला खत, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याच शेणापासून हायड्रोजन मिळवितां येईल काय, या प्रश्नावर आज देशोदेशींचे तरुण संशोधक डॉक्टरेटचे प्रबंध लिहीत आहेत. प्रश्न नवा दिसतो; परंतु त्याचें मूळ अडीचशें वर्षांमागें जातें, आणि त्यांतील मुख्य गांठ १९०६ सालीं हॉलंडांतील एका विद्यार्थ्याच्या प्रबंधानेंच सुटूं लागली.

इ. स. १७६६ मध्यें इंग्लंडांत हेन्री कॅव्हेंडिश यानें धातूंवर आम्ल ओतून निघणारा एक ज्वालाग्राही वायु वेगळा म्हणून ओळखला. जळतांना तो पाणी उत्पन्न करतो म्हणून लाव्हाझिए या फ्रेंच रसायनज्ञानें पुढें त्याला हायड्रोजन हें नांव दिलें. आपल्याकडील जुन्या रसायनग्रंथांत तो उज्ज या नांवानें भेटतो. १७७६ सालीं इटलींत व्होल्टा यानें माज्जोरे सरोवराच्या कांठचा चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले. तोहि वायु पेटला. पण तो हायड्रोजन नव्हता, मिथेन होता. १८०८ मध्यें हंफ्री डेव्ही याला गुरांच्या कुजत्या शेणांतून निघणाऱ्या वायूंतहि मिथेनच आढळला.

येथें एक कोडें उभें राहिलें. हवेवांचून पदार्थ आंबतांना हायड्रोजनहि निघतो, असा अनुभव होता. मग कुजणाऱ्या शेणांतून बाहेर येणाऱ्या वायूंत तो जवळजवळ कां सांपडत नाहीं? डेल्फ्ट येथें बायरिंक या थोर जंतुशास्त्रज्ञाच्या हाताखालीं काम करणाऱ्या निकोलास सोन्गेन यानें नेमका हाच विषय प्रबंधासाठीं घेतला : सजीवांच्या क्रियेनें हायड्रोजन व मिथेन यांची उत्पत्ति आणि लोप. त्याला असें दिसून आलें कीं, हायड्रोजन उत्पन्न होतो, परंतु दुसरे जंतु तो लागलीच घेतात. चार भाग हायड्रोजन व एक भाग कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून ते एक भाग मिथेन आणि पाणी तयार करतात. एकाचें उच्छिष्ट तें दुसऱ्याचें अन्न, असा हा व्यवहार होता.

१९३१ सालीं केंब्रिज येथें मार्जरी स्टीफन्सन आणि लेनर्ड स्टिकलंड यांनीं, जंतूंच्या अंगीं ज्या द्रव्यामुळें हायड्रोजन हाताळण्याची शक्ति येते, त्याला हायड्रोजनेज असें नांव दिलें. पुढें १९४० मध्यें अमेरिकेंत बार्कर यानें मद्यार्कापासून मिथेन करणारा एक जंतु वेगळा काढल्याचें प्रसिद्ध केलें, आणि कित्येक वर्षें तो एकच जंतु मानला गेला. १९६७ सालीं ब्रायंट व त्याचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, तें एक जोडपें होतें. एक जंतु हायड्रोजन सोडी व दुसरा तो खाई. खाणारा दूर केला, तर हायड्रोजन सांचून सोडणाराचेंच काम अडे. सोन्गेनच्या निष्कर्षाला याहून स्पष्ट पुरावा मिळणें कठीण.

प्रयोगशाळेंत हा उलगडा होत असतांना व्यवहार मात्र थांबला नव्हता. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालींच मैल्यापासून वायु धरून तो दिव्यांसाठीं वापरण्यांत आला. गुरांच्या शेणावरील पद्धतशीर प्रयोग १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेंत एस. व्ही. देसाई यांनीं केले. पुढें जशभाई पटेल यांनीं टांकीवर तरंगणाऱ्या उपड्या पिंपाचें संयंत्र सिद्ध केलें, आणि १९६० नंतरच्या दशकांत खादी व ग्रामोद्योग आयोगानें तें खेडोपाडीं नेलें. हाच आपला गोबर गॅस.

या मिथेनऐवजीं हायड्रोजन हवा असेल, तर आज दोन वाटा आहेत. पहिली वाट खाणाऱ्या जंतूंनाच आवरण्याची. विरजणाचें शेण उकळलें, तर मिथेनकर्ते जंतु मरतात. हायड्रोजन सोडणारे कांहीं जंतु मात्र बीजाणूंच्या रूपानें तग धरतात. नंतर मिश्रण किंचित्‌ आंबट ठेवलें म्हणजे मिथेनकर्त्यांचें पुन्हां फावत नाहीं. पण लाभ मर्यादित आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून हिशेबानें हायड्रोजनाचे बारा रेणु निघावयास हवेत. या आंबवणींत फार तर चार निघतात. बाकीचें सत्त्व आम्लांत अडकून राहतें. शिवाय शेणांत साखर उरते कोठें? चाऱ्यांतला सुपच्य भाग गाईनें आधींच पचविलेला असतो.

दुसरी वाट मिथेन होऊं देण्याची. गोबर गॅसमधील गंधकयुक्त वायु काढून टाकावा, आणि मिथेन व पाण्याची वाफ निकेलवरून सुमारें ८०० ते ९०० अंश सेल्सिअस उष्णतेंत न्यावी. पुढें निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडवर पुन्हां वाफेची क्रिया केली म्हणजे हिशेबानें १६ किलो मिथेनमागें ८ किलो हायड्रोजन मिळतो. त्यांतील अर्धा वाफेंतून येतो. सोन्गेननें जंतूंच्या ठायीं पाहिलेली क्रियाच येथें भट्टींत उलटी फिरविली जाते. जंतूनें अंधारांत, मंद उष्णतेंत केलेलें काम मोडावयास एवढा मोठा अग्नि लागतो, हें विसरतां कामा नये.

जानेवारी २०२३ मध्यें भारत सरकारनें हरित हायड्रोजनासाठीं १९,७४४ कोटि रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. त्याच वर्षीं ठरविलेल्या व्याख्येंत जैव पदार्थांपासूनचा हायड्रोजनहि, ठराविक मर्यादेहून अधिक दूषित वायु सुटत नसल्यास, हरित गणला गेला. अशा वेळीं विवेक हवा. चुलीला मिथेन जसाच्या तसा पुरतो. त्याचा हायड्रोजन करून पुन्हां जाळणें हा उष्णतेचा अपव्यय होय. अमोनिया व त्यावरील खतें करणाऱ्या कारखान्यांना मात्र हायड्रोजनच लागतो, आणि तो आजवर मुख्यतः खनिज वायूपासून निघत आला आहे. तेथें शेणाचा वायु कामीं आला, तर तो खरा लाभ. उरलेली मळी तर दोन्ही वाटांनीं शेताकडेच परत जाते. गोवरी जाळली म्हणजे हें खत राख होतें. म्हणून कोणतीहि योजना जोखतांना किती हायड्रोजन निघाला याबरोबर शेताला काय परत मिळालें, हेंहि विचारलें पाहिजे.