कारखान्यातल्या गाडीचा लगाम कोणाच्या हाती?

कारखाना म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर यंत्रे येतात. पण अर्धवट तयार झालेली वस्तू एका कामगाराकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याचा विचार आपण सहसा करत नाही. या ने-आणीच्या इतिहासात माणूस आणि यंत्र यांच्या नात्याचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे.

सुरुवात अमेरिकेतील हायलंड पार्क येथून करू. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या तेथील कारखान्यात मोटारीचा सांगाडा कामगारांसमोरून सरकू लागला. पूर्वी एक सांगाडा जोडायला सुमारे साडेबारा तास लागत. वर्षभरात तेच काम सुमारे दीड तासात होऊ लागले. मात्र आता कामाचा वेग ठरवत होती ती सरकती साखळी. कंटाळलेले कामगार भराभर नोकरी सोडू लागले. त्यांना टिकवण्यासाठी १९१४ मध्ये फोर्ड यांनी रोजची मिळकत जवळजवळ दुप्पट, म्हणजे पाच डॉलर केली.

साखळी सर्वांना एकत्र बांधते. मग प्रत्येक वस्तूला स्वतंत्र गाडी दिली तर? १९५० च्या दशकात अमेरिकेतील बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने चालकाविना चालणारी, माल ओढणारी गाडी तयार केली. अशा गाड्यांमागचे तत्त्व आपण शाळेत शिकवतो ते, फॅरेडेचे. जमिनीत पुरलेल्या तारेतून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडला की तारेभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. गाडीच्या तळाशी डावीकडे व उजवीकडे एकेक वेटोळे असते. गाडी तारेच्या बरोबर वर असेल, तर दोन्हींत सारखाच विद्युतदाब निर्माण होतो. गाडी एका बाजूला सरकली की त्यांत फरक पडतो आणि त्या फरकानुसार मोटर चाके वळवते.

१९७४ मध्ये स्वीडनमधील काल्मार येथे व्होल्वो कंपनीने मोटारी जोडण्यासाठी साखळीऐवजी विजेरीवर चालणाऱ्या गाड्या वापरल्या. तेथेही कामगार साखळीच्या कामाला विटले होते. म्हणून पंधरा-वीस जणांचे गट केले गेले. दोन गटांच्या मध्ये काही गाड्या थांबू शकतील एवढी जागा ठेवली होती. त्यामुळे एखादा गट थोडा पुढे-मागे झाला तरी शेजारच्या गटाचे काम अडत नसे. गाडीवरची मोटार कुशीवर कलवता येई आणि तळाचे काम वाकून करावे लागत नसे. गाड्यांची एकूण वाहतूक मात्र संगणकाच्या ताब्यात होती. पुढे मोटारींची मागणी घटली आणि १९९४ मध्ये हा कारखाना बंद झाला.

आजच्या गाड्यांना जमिनीतली तार लागत नाही. लेसर किरणांनी त्या भोवतालचा नकाशा तयार करतात आणि अडथळा आला तर दुसरी वाट शोधतात. त्यांना आपण 'स्वायत्त' म्हणतो.

पण येथे आपण थबकायला हवे. काल्मारची गाडी फारशी हुशार नव्हती, तरी तिच्यामुळे माणसाला थोडी मोकळीक मिळाली. आजची हुशार गाडी जर माणसाला उसंत न देता पुढचा नग समोर आणून ठेवू लागली, तर ती हायलंड पार्कची साखळीच ठरेल, फक्त न दिसणारी. गाडीने वाट कशी शोधावी, हा विज्ञानाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. तिने कोणासाठी थांबावे, हे मात्र माणसांनीच ठरवायचे आहे. फॅरेडेचा धडा शिकवताना हा प्रश्नही वर्गात जरूर मांडावा.