खाटकाचं बिल

जॉन सील हा लंडनचा एक खाटीक. अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची गोष्ट आहे. आजारी पडल्यावर तो डॉक्टरकडे न जाता विल्यम रोझ नावाच्या औषधवाल्याकडे गेला. त्या काळी अशा माणसाला अपॉथेकरी म्हणत. झाडपाला, मुळ्या, क्षार कुटून-उकळून स्वतः औषध बनवायचं आणि दुकानात विकायचं, हा त्याचा धंदा. रोझने औषधं दिली, देतच राहिला, आणि शेवटी बिल केलं पन्नास पौंडांचं. तेव्हाचे पन्नास पौंड हो! आणि गुण काही नाहीच.

सील तक्रार घेऊन डॉक्टरांच्या संस्थेकडे, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे गेला. कॉलेज अशा संधीची वाटच बघत असावं. आठव्या हेन्रीच्या काळापासून लंडन आणि भोवतालच्या सात मैलांत वैद्यकी कोणी करायची हे ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडे होता. खटला झाला, रोझ हरला. पण प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि 1704 मध्ये तिथे निकाल फिरला. डॉक्टरची फी गरिबाला परवडत नाही, त्याने औषधवाल्याकडेही जायचं नाही तर मग जायचं कुठे, हा रोझच्या बाजूचा मुद्दा होता. मला तो आजही बिनतोड वाटतो.

गंमत पुढेच आहे. अपॉथेकरीने रोग्याला तपासावं, सल्ला द्यावा, पण पैसे घ्यायचे ते फक्त औषधाचे. सल्ला फुकट, बाटली विकत! आता सांगा, ज्याचं पोट बाटलीवर चालतं तो 'तुला औषधाची गरज नाही, घरी जा' असं कशाला म्हणेल? सीलचं बिल पन्नास पौंडांवर कसं गेलं, याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं.

पुढची जवळजवळ दीडशे वर्षं भराभर सांगते. 1815 च्या कायद्याने अपॉथेकरीला उमेदवारी आणि परीक्षा सक्तीची झाली. (कवी जॉन कीट्स ही परीक्षा 1816 मध्ये पास झाला होता. पुढे कविता निवडली ते बरं झालं की वाईट, रोग्यांना विचारायला हवं!) हळूहळू हे लोक फॅमिली डॉक्टर होऊन गेले आणि दुकानाच्या गल्ल्यावर नवा माणूस आला, केमिस्ट. त्यांची संस्था 1841 मध्ये स्थापन झाली. 1851 मध्ये सोमल, म्हणजे आर्सेनिक, विकताना घेणाऱ्याचं नाव-गाव आणि कारण वहीत लिहिणं सक्तीचं झालं. ही वही लक्षात ठेवा.

1947 मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला की पेनिसिलिन चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. त्याआधी डिसेंबर 1945 मध्ये नोबेलच्या व्याख्यानात खुद्द फ्लेमिंगने बजावलं होतं की अपुरी मात्रा घेतली तर जंतू मरणार नाहीत, उलट शिकतील. शिक्षिकेला हे वेगळं सांगायला नको. अर्धवट शिक्षा झालेलं पोर जास्त बिलंदर होतं!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी भाची. ती लेस्टरला असते. मागच्या हिवाळ्यात तिला सायनसचा त्रास झाला. नाक बंद, गाल ठणकतोय, खाली वाकलं की डोकं फुटतंय. गालाच्या हाडातल्या त्या पोकळीचं वर्णन इंग्लंडच्याच नथॅनिएल हायमोर या डॉक्टरने 1651 मध्ये केलं. त्याने एका बाईची हकीकत लिहून ठेवली आहे. तिचा दात काढल्यावर त्या भोकातून स्राव वाहू लागला. तिने आत चांदीची सुई घातली, मग पीस घातलं, ते आत आतच जातंय म्हटल्यावर मेंदूपर्यंत गेलं या धास्तीने बिचारी अर्धमेली झाली.

असो. इंग्लंडमध्ये 31 जानेवारी 2024 पासून सायनसचा दाह, घसादुखी, कानदुखी अशा सात तक्रारींवर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो. त्यात पेनिसिलिनच्या कुळातलं औषधही येतं. भाची खुशीत गेली. फार्मासिस्टने बाजूच्या खोलीत बसवून पहिला प्रश्न विचारला, "किती दिवस झाले?" सहा. दहा दिवसांच्या आत अँटिबायोटिक नाही, म्हणाला. बहुतेक वेळा हा विषाणूचा उद्योग असतो, दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. वेदनाशामक घ्या, विश्रांती घ्या. ताप चढला, डोळ्याभोवती सूज आली तर ताबडतोब दाखवा.

तिचा रडवेला फोन आला. "मावशी, इथे औषधच देत नाहीत गं! आपल्या मेडिकलमधून एक स्ट्रिप घेऊन पाठव ना." भाऊजींचाही फोन आला. मी नाही म्हटलं. भाऊजी (हे वाचत असतीलच) अजून नाराज आहेत. पोरगी परदेशात तळमळतेय आणि मावशी इतिहास सांगतेय! भाची पंधरा-सोळा दिवसांत बरी झाली. पण ती झाली नसती तर? हा प्रश्न त्या दिवसांत रात्री मलाही छळत होता, तेवढं सांगून ठेवते.

मला त्या फार्मासिस्टचं विशेष वाटलं. तिथे निकषांत बसणाऱ्या रोग्याला तपासल्याबद्दल दुकानाला सरकारकडून पैसे मिळतात, औषध दिलं नाही तरी. रोझला जे जमलं नव्हतं, ते तीनशे वीस वर्षांनी जमलं.

आपल्याकडे वही आली. 1 मार्च 2014 पासून 'एच-वन' यादीतली औषधं देताना डॉक्टरचं आणि रोग्याचं नाव, औषध, किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची. त्या यादीत बरीच अँटिबायोटिक्स आहेत. सोमलासारखंच झालं म्हणायचं! पण वहीने विक्री मोजली जाते. चार वर्षं बी.फार्म. शिकलेल्या मुलाने एखाद्या म्हातारीला दहा मिनिटं समजावून रिकाम्या हाती परत पाठवलं, तर त्या दहा मिनिटांचे पैसे त्याला कोणी देत नाही. आमच्या कोपऱ्यावरचा मुलगा तरीही समजावतो. मागे गर्दी उभी असते, आणि पुढचं दुकान पन्नास पावलांवर आहे.