खंडी, कुडो आणि मुआमलात

इस्लामी धर्मशास्त्राचे, म्हणजे फिक्हचे, ढोबळमानाने दोन भाग पडतात. नमाज, रोजा, जकात, हज ही इबादत. आणि खरेदी-विक्री, कर्ज, भागीदारी, भाडे, मजुरी ही मुआमलात. या दुसऱ्या भागाविषयी बाहेर एवढेच ठाऊक असते की व्याज हराम आहे. ग्रंथ उघडले की मात्र पानोपानी भेटतात त्या धान्याच्या राशी, मापाची भांडी, पाण्यातले मासे आणि कारागिराकडे घडवायला टाकलेली भांडी. धान, तलाव आणि पितळ यांवर जगत आलेल्या भंडारा जिल्ह्यात हे नियम पुस्तकी वाटत नाहीत.

सतराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख देवगडच्या गोंड राज्यात होता. राजा बख्त बुलंद शहाने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला, आणि त्याचा सरदार राजा खान पठाण याने 1700 च्या सुमारास तुमसरजवळ अंबागड किल्ला बांधला. राजाच्या धर्मांतराने रयतेचा धर्म बदलला नाही. या धर्मांतराआधी काही वर्षे औरंगजेबाच्या आज्ञेने ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी विधिशाखेच्या निर्णयांचा मोठा संग्रह तयार झाला होता. ते काम पाहणारे शेख निजाम तापीकाठच्या बुऱ्हाणपूरचे. बाराव्या शतकातील अल-मर्गिनानींचा ‘हिदाया’ हा त्याचा एक मुख्य आधार. विदर्भातील बहुतेक मुसलमान हनफी परंपरेचे असल्याने त्यांच्या व्यवहारालाही हेच ग्रंथ लागू पडतात.

सुरुवात मापापासून करणे योग्य. झाडीपट्टीत धान कुडोने मोजत; वीस कुडोंची एक खंडी. घेताना शीग लावून घ्यायची आणि देताना हात फिरवून माप सपाट करायचे, ही जुनी लबाडी. कुराणातील 83 वी सुरा नेमक्या याच माणसाचा धिक्कार करून सुरू होते: स्वतः घेताना पुरेपूर घेणारा, दुसऱ्याला मोजून देताना कमी देणारा. पैगंबरांची एक गोष्टही याच जातीची. बाजारातील धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तो आत ओला लागला. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. ओलसर धान राशीच्या पोटात दडवण्याचा मोह ज्या बाजाराला ठाऊक आहे, तिथे या गोष्टीचा अर्थ सांगावा लागत नाही.

गावगाड्यातले कर्ज पुष्कळदा धान्यातच असे. पेरणीला एक खंडी बियाणे न्यायचे आणि कापणीनंतर सव्वा किंवा दीड खंडी परत करायचे, ही वाढीदिढी. रिबाचे, म्हणजे निषिद्ध व्याजाचे, याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. हदीसमध्ये सोने, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ या सहाच वस्तूंची नावे आहेत, तांदळाचे नाही. पण माप किंवा वजन आणि वस्तूची एकच जात ही कारणे धरून हनफी पंडितांनी तोच नियम तांदळालाही लावला. उसनी नेलेली खंडी खंडीनेच फेडावी. वरचा प्रत्येक कुडो रिबा. चिन्नोरसारख्या सुवासिक तांदळाच्या बदल्यात दुप्पट जाडाभरडा तांदूळ घेणेही नियमात बसत नाही. हलका माल रोखीने विकावा आणि त्या पैशांनी उंची घ्यावा, ही वाट पैगंबरांनी खैबरच्या खजुरांबाबत दाखवली होती. व्यवहार दोन टप्प्यांत झाला की प्रत्येक मालाचा भाव बाजारात उघडा पडतो आणि अडलेल्याला फसवणे अवघड जाते. नियमाची न्यायबुद्धी इथे स्पष्ट दिसते.

हंगामाआधी पैशांची निकड मात्र खरी असते. त्यासाठी सलम आहे: किंमत आज पुरती मोजायची, माल ठरल्या तारखेला घ्यायचा. मालाची जात, प्रत, परिमाण, मुदत आणि पोचवण्याची जागा आधी ठरली पाहिजे. ‘हिदाया’ दोन बारकावे सांगतो. एखाद्या ठरावीक गावचे धान्य किंवा ठरावीक झाडाची फळे अशा सौद्यात बांधता येत नाहीत, कारण तेवढेच पीक बुडाले तर द्यायचे काय? म्हणजे ‘अमक्या बांधीतला धान’ चालत नाही. आणि ज्याची मोजदाद कुणालाच ठाऊक नाही असे एखाद्याच्या घरचे भांडेही मापाला चालत नाही. ते हरवले तर भांडण मिटवायचे कशाने?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. मालगुजारी 1951 मध्ये संपली आणि ‘मामा’ (माजी मालगुजारी) तलाव हे नाव उरले. धरण्याआधीचा पाण्यातला मासा विकू नये, हा फिक्हमधला पाठ्य दाखला: मासा अजून कुणाच्या मालकीचा नाही, आणि किती आहे हे कुणालाच माहीत नाही. तलावच मासेमारीसाठी भाड्याने देण्याबाबत हनफी ग्रंथांत मतभेद आहेत. जाळे ओढून मासा टोपलीत पडला, की तो धरणाऱ्याचा आणि विक्रीयोग्य.

पितळेच्या भांड्यांसाठी भंडाऱ्याचे नाव जुने. अजून न घडलेली वस्तू विकता येत नाही, हा सर्वसाधारण नियम असूनही कारागिराला काम सांगण्याची लोकरीत हनफींनी ‘इस्तिस्ना’ म्हणून मान्य केली. ‘हिदाया’तील उदाहरणे तसराळे, धातूचे पात्र आणि चामडी मोजे यांची आहेत. सौदा मोडला तरी बयाणा जप्त करण्यास हनफी मत परवानगी देत नाही. तो परत करावा लागतो.

1853 मध्ये नागपूरचे भोसले राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि या नियमांची जागा बदलली. 1855 च्या कायद्याने व्याजावरील जुनी बंधने उठली. 1872 मध्ये करार कायदा आला. 1875 च्या मध्य प्रांत कायद्याने विवाह, वारसा, मेहर, दान अशा बाबींत मुसलमानांना त्यांचा धर्मकायदा लागू ठेवला. बाजारातले सौदे त्यात नव्हते. मुआमलात कोर्टातून बाहेर पडली आणि माणसाच्या सदसद्विवेकावर व मुफ्तीच्या उत्तरावर येऊन टेकली. उर्दूतील घरगुती पुस्तकांनी ही पोकळी भरली. अशरफ अली थानवींच्या ‘बहिश्ती जेवर’मध्ये वजू-नमाजाबरोबर खरेदी-विक्रीचेही मसले आहेत, आणि मूळचे ते पुस्तक मुलींसाठी लिहिलेले.

कर्जाची बेसुमार वाढ सरकारलाही पुढे डाचली. मध्य प्रांतात 1933 मध्ये कर्ज तडजोडीचा आणि 1934 मध्ये सावकारीचा कायदा झाला. सावकाराला नीट हिशेब ठेवून तो ऋणकोला देणे भाग पडले. कुराणातील सर्वांत लांब आयत (2:282) हेच सांगते: मुदतीचे कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असली तरी कंटाळू नका.

बिनव्याजी बँकिंगची शिफारस रघुराम राजन समितीने 2008 मध्ये केली; रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये तो विचार सोडला. तोवर धानाचे पैसे थेट बँक खात्यात येण्याचे दिवस आले होते, आणि खाते म्हटले की व्याज आलेच. त्यावर मुफ्तींचे प्रचलित उत्तर असे, की ती रक्कम स्वतःसाठी वापरू नये. पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकावी.